आमची वाटचाल: पार्टी पक्की झाल्याशिवाय पीओ (खरेदीची ऑर्डर) नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं काम टर्निंगचं. ईएन ८ या पोलादाचे राउंड बार आणायचे, कापायचे, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनवर शाफ्ट आणि पिना काढायच्या, पंप व शेती अवजारं बनवणाऱ्यांना पुरवायच्या. अशा युनिटमध्ये खर्चाचा मोठा वाटा पोलादाचा असतो, त्यामुळे बार कोणाकडून घेतला जातो यावर वर्षाचा हिशेब ठरतो. या वाटचालीत मशिनं बदलली, ग्राहक वाढले. पण धंदा सावरून धरला तो नवी पार्टी (म्हणजे माल देणारा किंवा घेणारा) तपासण्याच्या शिस्तीने. ती इतरांनाही उपयोगी पडावी म्हणून इथे मांडतो.

जीएसटीआधीच्या व्हॅटच्या काळात बिलावर २७ ने सुरू होऊन ‘व्ही’ने संपणारा टिन (करनोंदणी क्रमांक) असला की पार्टी खरी धरली जायची. पुढे विक्रीकर विभागाने हवाला, म्हणजे मालाशिवाय नुसती बिलं देणाऱ्या, व्यापाऱ्यांची यादी संकेतस्थळावर टाकली आणि खरेदीआधी ती बघायची पद्धत पडली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोल्हापूरच्याच एका उद्योगाच्या प्रकरणात कायद्यातली तरतूद कायम ठेवली: विकणाऱ्याने कर तिजोरीत भरलाच नसेल, तर घेणाऱ्याला सेटऑफ, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळणार नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हीच अट कलम १६ मध्ये बसली. ५ लाखांच्या बारवर १८ टक्क्यांनी ९० हजार कर होतो. तो आपण पार्टीला दिलेला असतो. तिने भरला नाही, तर तेच ९० हजार आपल्याला पुन्हा भरावे लागतात, आणि ही वजावट, म्हणजे क्रेडिट, वापरलं असेल तर वर १८ टक्के व्याज. लहान युनिटचा कित्येक महिन्यांचा नफा यात जातो.

म्हणून दर ठरवायच्या आधी जीएसटी नंबर मागायचा आणि तो आधी नुसत्या डोळ्यांनी वाचायचा. १५ अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९. पुढची १० अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर मालकी सांगतं: ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘एफ’ म्हणजे भागीदारी किंवा एलएलपी, ‘सी’ म्हणजे कंपनी. लेटरहेडवर ‘प्रा. लि.’ आणि पॅनमध्ये ‘पी’ असेल, तर तिथेच थांबायचं.

मग जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये तो नंबर टाकायचा, लॉगिन लागत नाही. ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं की बरेच जण खिडकी बंद करतात. खरी माहिती त्याच्या खाली असते. नोंदणीची तारीख बघा: महिन्याभरापूर्वीची नोंदणी आणि बाजारापेक्षा किलोमागे चार-पाच रुपये स्वस्त दर, हे दोन्ही एकत्र आले तर उधारीवर देतो म्हटलं तरी माल घेऊ नये. मालाचे एचएसएन (वर्गवारीचे) कोड बघा: ईएन ८ चा बार ७२१४ किंवा ७२१५ मध्ये येतो, तिथे तयार कपडे दिसत असतील तर लोखंडाचं बिल कसं, हे विचारायलाच हवं. कंपोझिशनवाली (उलाढालीवर ठोक दराने कर भरणारी) पार्टी असेल तर तिला बिलात कर लावताच येत नाही. शेवटी रिटर्नचा तक्ता उघडायचा. जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) भरलेलं आणि त्याच महिन्याचं ३बी (कर भरण्याचं रिटर्न) थकलेलं, असं दिसलं तर पार्टी बिलं दाखवते आहे पण कर भरत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

त्या पानाची पीडीएफ तारखेसह जपून ठेवा. विभाग कधीकधी नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द करतो. खरेदीच्या दिवशी ती चालू होती, हे दाखवायला हाच कागद कामी येतो.

२०२२ पासून बिल आपल्या २बीमध्ये (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या तक्त्यात) आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. नव्या पार्टीशी आमची अट पीओवरच छापलेली असते: मालाची रक्कम ठरल्या मुदतीत, कराची रक्कम बिल २बीमध्ये दिसल्यावर. तिमाही रिटर्नवाल्यांना बिल आयएफएफमध्ये (तिमाही संपायच्या आधी बिलं दाखवायच्या सोयीत) टाकायला आधीच सांगावं, नाहीतर ते तिमाही संपल्यावरच दिसतं. प्रामाणिक व्यापारी या अटीवर कुरकुरतात, पण मान्य करतात.

गुमास्ता (दुकान नोंदणी) आणि उद्यम (लघुउद्योग नोंदणी) प्रमाणपत्राला आम्ही पुरावा मानत नाही. उद्यम नोंदणी स्वतःच्या माहितीवर होते, आणि लहान दुकानाला शॉप अ‍ॅक्टखाली नुसती सूचना द्यावी लागते. जागा पाहिलेली बरी. जीएसटी नंबर पाटीवर आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचा नियमच आहे. माल दुसऱ्या गोडाऊनमधून येणार असेल, तर तो पत्ता नोंदणीत जोडलेला आहे का, तेही बघावं.

कागद आणि माल जुळतात का, हे गेटवर कळतं. बारचं वजन काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागायचं. येतं ते मीटरला किलो. ५० मिमीचा ६ मीटरचा बार साधारण ९२.६ किलो भरतो, म्हणजे ३० बारांचे २,७८० किलोच्या आसपास. बिलात ३,२०० असतील तर गाडी उतरवू नये. वजनकाट्याची चिठ्ठी, बिल्टी (वाहतूकदाराची पावती) आणि ई-वे बिल (माल नेण्यासाठी पोर्टलवर काढायचं बिल) यांवर गाडीचा नंबर एकच हवा. राज्यांतर्गत १ लाखावरच्या मालाला महाराष्ट्रात ई-वे बिल लागतं. टीसीवरचा (मिलच्या चाचणी प्रमाणपत्रावरचा) हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या वितळीचा क्रमांक, बारच्या टोकावरच्या नंबराशी ताडून बघा आणि मिलच्या अधिकृत ईमेलवरून खात्री करून घ्या. टीसीच्या झेरॉक्सवर आकडा बदलणं फार सोपं असतं. शंका आली तर एक तुकडा कापून त्याची स्पेक्ट्रो (धातूतल्या घटकांची चाचणी) करून घ्यावी. ईएन ८ मध्ये कार्बन साधारण ०.३५ ते ०.४५ टक्के यायला हवा.

पैसे फक्त पार्टीच्या नावाच्या खात्यात, पुतण्याच्या किंवा ‘सिस्टर कन्सर्न’च्या नाही. एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय आता बँकांनी दिली आहे. ते बिलावरच्या नावाशी जुळवून मगच रक्कम टाकायची. खातं बदलल्याचा मेल आला तर त्या मेलमधला फोन लावू नये, आपल्याकडे जुना नंबर असेल तोच लावावा. पैसे चुकीच्या हाती गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते.

ग्राहकही तपासावा लागतो. मोठ्या कंपनीच्या नावाने पीओ येतो आणि व्हेंडर नोंदणीसाठी आधी डिपॉझिट मागितलं जातं. अशा वेळी ईमेलचं डोमेन अक्षर-अक्षर वाचा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या नंबरवरून परचेस विभागाला विचारा. कंपनी असेल तर एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर स्थिती, शेवटच्या ताळेबंदाची तारीख आणि बँकांचे बोजे दिसतात; १०० रुपये भरून तिची कागदपत्रंही पाहता येतात. दोन वर्षं ताळेबंद दाखल नसलेल्या कंपनीला आम्ही उधारी देत नाही, अ‍ॅडव्हान्सवर काम करतो.

आमची तपासणीही लोकांनी अशीच करावी, म्हणून नव्या ग्राहकाला पहिल्या कोटेशनसोबत जीएसटी प्रमाणपत्र, उद्यम क्रमांक आणि रद्द केलेला चेक जातो. त्यावर लिहिलेलं असतं: आमचं खातं बदललं तर आम्ही स्वतः येऊन सही-शिक्क्याचं पत्र देऊ, मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नंबर मानू नये.