गॅप वेजचा शाफ्ट

रविवार, संध्याकाळ

आज सकाळी येरवड्याच्या गोल्फ मैदानावर माझे चार चेंडू ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अलीकडे आणि थोडे उजवीकडे पडले. चारही फटके 52 अंशांच्या गॅप वेजने (तिरक्या तोंडाच्या वेज क्लबांपैकी पिचिंग आणि सँड वेजच्या मधलीने), पूर्ण स्विंग घेऊन मारलेले होते. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा माझी पिशवी वाहणारा कॅडी म्हणाला, "मॅडम, नऊ नंबर बरोबर पोचतोय, वेजच मागं राहतेय." त्याचे हे एक वाक्य दिवसभर माझ्या मनात आहे.

घरी येऊन नऊ नंबरचे आयर्न आणि गॅप वेज, दोन्ही क्लब शेजारी ठेवले. माझ्या आयर्नमध्ये रेग्युलर फ्लेक्सचे (मध्यम लवचिकतेचे), सुमारे 65 ग्रॅमचे ग्रॅफाइट शाफ्ट, म्हणजे दांडे, आहेत. वेज मात्र दुकानातून आल्या तशाच वापरत होते. त्यांत डायनॅमिक गोल्ड एस200 हा पोलादी शाफ्ट आहे आणि त्याचे वजन जवळजवळ 130 ग्रॅम, म्हणजे आयर्नच्या शाफ्टच्या दुप्पट आहे. त्यावर ‘वेज फ्लेक्स’ असे छापले आहे. हा मऊ शाफ्ट असावा असे मी इतके दिवस धरून चालले होते. प्रत्यक्षात तो स्टिफच्या, म्हणजे कडक शाफ्टच्या, जवळचा आहे, आणि फ्लेक्सच्या अक्षरांना सर्व उत्पादकांना बांधणारे एकच प्रमाण नसल्याने नुसत्या छापील शब्दावर विसंबणे चूक होते.

लांब फटक्याच्या ड्रायव्हर क्लबच्या मानाने वेजमध्ये फ्लेक्सचा परिणाम कमी जाणवतो, कारण शाफ्ट आखूड असतो आणि बहुतेक फटके अर्ध्या-पाऊण स्विंगचे असतात. माझ्या मते इथे वजनच अधिक बोलते. म्हणूनच 56 अंशांच्या सँड वेजबद्दल माझी तक्रार नाही. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) किंवा तीस यार्डांवरून खेळताना तो जड शाफ्ट माझ्या हातांची घाई आवरतो आणि लय टिकवतो. गॅप वेजचे काम वेगळे आहे. मी ती नऊ नंबर आणि पिचिंग वेजसारखीच पूर्ण फिरवते, तेव्हा तिचा शाफ्टही त्यांच्याच जातीचा हवा. नाहीतर त्याच स्विंगमध्ये हातात अचानक दुप्पट भार येतो, क्लबचे डोके उशिरा पोचते आणि चेंडू उजवीकडे जातो.

तेव्हा गॅप वेजला रेग्युलर ग्रॅफाइट शाफ्ट घालायचा, पण आयर्नपेक्षा किंचित जड, 75 ग्रॅमच्या आसपासचा, असे ठरवले आहे. अडचण स्विंगवेटची, म्हणजे फिरवताना क्लबचे डोके किती जड वाटते त्या मापाची, आहे. शाफ्ट साधारण 9 ग्रॅमने हलका झाला की स्विंगवेट एका अंकाने उतरते. 55 ग्रॅम कमी होणार, म्हणजे आज डी4 असलेली वेज सहा अंकांनी उतरून (या मापात सी9 नंतर डी0 येतो) सी8 पर्यंत येईल आणि डोके हाताला हरवल्यासारखे वाटेल. डोक्यावर 2 ग्रॅम शिसे लावले की एक अंक परत मिळतो. माझी आयर्न डी0 वर आहेत, त्यामुळे सगळी घट भरून काढण्याची गरज नाही, सुमारे 4 ग्रॅमची पट्टी पुरेल.

60 अंशांची लॉब वेज आहे तशीच ठेवणार आहे, तिने मी पूर्ण फटका जवळपास मारतच नाही. गॅप वेज उद्या दुरुस्तीला टाकेन. ती परत आली की त्याच कॅडीला घेऊन, तेवढ्याच अंतरावरून नऊ नंबर, पिचिंग आणि गॅप असे दहा-दहा चेंडू मारून कोणता कुठे पडतो ते या वहीत मांडायचे आहे.