फडकं नको, आधी पाणी

गाळपाचा हंगाम सुरू झाला की सांगलीत सकाळी गाडीकडे बघायचं जिवावर येतं. टपावर, बॉनेटवर, वायपरच्या खाचेत, सगळीकडे काळे कण. बोट फिरवलं की कणाची रेघ उमटते. ही काजळी दिसायला मऊ असते, पण मऊ नसते. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं उसाचं चिपाड, जळतो आणि त्याची राख धुराड्यातून वर जाऊन वारा नेईल तिकडे पडते. उसाच्या चिपाडात सिलिका मुळातच असते. बाकीचं सगळं जळून जातं आणि राखेत ती शिल्लक राहते. वाळूही सिलिकेचीच.

आणि या राखेवर आपण काय करतो? पिवळं फडकं घेतो आणि कोरडंच फिरवतो. ऑफिसला निघायच्या घाईत दोन मिनिटांत गाडी चकाचक. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये हे रोज बघते. मला मनापासून वाईट वाटतं, कारण गाडीचा रंग उन्हानं जातो त्याच्या कितीतरी आधी तो या फडक्यानं मरतो.

रंगाचे थर समजून घेतले की ही काळजी आपोआप वाटायला लागते. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लियरकोट. हा क्लियरकोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन. म्हणजे गाडीची चमक, उन्हापासूनचं संरक्षण, सगळं काही केसापेक्षा पातळ थरावर उभं आहे. उन्हात बॉनेटवर जी गोल गोल जाळी दिसते ते या थरावरचे बारीक ओरखडे. ते खरं तर गोल नसतात, सगळ्या दिशांना गेलेले असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे आडवे पडतात तेवढेच प्रकाश आपल्याकडे फेकतात, म्हणून वर्तुळं दिसतात. सावलीत हीच गाडी नवी वाटते.

आमची गाडी गडद निळी स्विफ्ट. गडद रंगावर हे सगळं दुप्पट दिसतं. पांढरी गाडीवाल्यांना कळतही नाही, पण ओरखडे त्यांच्याही गाडीवर तेवढेच असतात.

पार्किंगमध्ये सकाळी गाड्या पुसायला एक दादा येतात. कष्टाळू माणूस. पण बादली एक, फडकं एक आणि गाड्या पंधरा-वीस. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीला लागते. मी त्यांना म्हटलं, "दादा, आमच्या गाडीला फक्त पाणी मारा, पुसू नका." ते म्हणाले, "मॅडम, मग डाग दिसतील. साहेब मलाच बोलतील." "साहेबांना मी सांगते," म्हटलं. महिन्याचे पैसे तेवढेच देते. आता ते काच पुसतात, बाकी गाडीला हात लावत नाहीत.

धुणं मी रविवारी करते, ऊन पार्किंगमध्ये यायच्या आत. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळतो आणि पाण्याचे डाग धरतात. एप्रिलमध्ये तर सकाळी नऊ वाजताच बॉनेटला हात लावून बघावा लागतो. पाण्याचंही आपल्याकडे वेगळं गणित आहे. नदीकाठची क्षारपड जमीन सगळ्यांना माहीत आहे, तीच गोष्ट बोअरच्या पाण्यात उतरते. गीझरची कॉइल आणि नळाची जाळी बघा, पांढरा थर बसलेला असतो. तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार गाडीवर थेंबाच्या आकाराचे डाग होऊन बसतात. म्हणून धुवायला बोअरचं पाणी चालतं, पण शेवटचं खळबळणं महापालिकेच्या नळाच्या पाण्यानं. त्यासाठी आदल्या संध्याकाळी दोन बादल्या भरून ठेवते. डाग पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून मऊ कापडानं क्षणभर ठेवायचं आणि लगेच धुवून टाकायचं. तेही सावलीत.

फडकं लागायच्या आधी नुसतं पाणी, आणि भरपूर पाणी. जेवढी राख, माती पाण्यानं निघून जाईल तेवढी हातानं घासावी लागत नाही. चाकांच्या वरच्या कमानीत काळी माती गच्च बसलेली असते, तिथे पाणी आतून मारावं लागतं. चाकं आधी, त्यांची बादली आणि ब्रश वेगळा, कारण ब्रेकची धूळ म्हणजे लोखंडाचे कण. मग दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पॅनल धुवायचं, साध्या पाण्यात खळबळायचा, मगच परत शाम्पूत. टपापासून खाली. दाराचा खालचा भाग आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, तिथे सगळ्यात जास्त घाण असते. धुणं संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी जो गाळ दिसतो तो एकदा घरच्यांना दाखवा. एरवी तो गाडीवर फिरला असता.

कपड्यांची पावडर वापरू नका. ती अल्कधर्मी असते, वॅक्स असेल तर तो उतरवते आणि रबर कोरडं पाडते. गाडीचा शाम्पू टोपणभर लागतो, बाटली खूप दिवस पुरते.

पुसायला मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल. तो पत्र्यावर पसरायचा आणि हलकेच ओढायचा, चोळायचा नाही. त्याचं शिवलेलं लेबल आधी कापून टाकते, तेही ओरखडा काढतं. टॉवेल खाली पडला की तो त्या दिवशी बाद. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही, त्यानं तंतूंवर थर बसतो आणि पाणी शोषलं जात नाही.

माझं सासर तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग. छाटणीनंतर बागेत गाडी घेऊन गेलं की ब्लोअरचा फवारा उडतोच. बोर्डोचे निळसर पांढरे ठिपके, मोरचूद आणि चुना. चुना वाळून हवेत राहिला की घट्ट धरतो, म्हणून ते घरी येऊन उद्या धुवू असं चालत नाही. मामा आता मी दिसले की आधी विचारतात, "गाडी कुठं लावलीस गं? आज औषध मारायचंय." आणि पोरांना सांगून गाडी वाऱ्याच्या उलट्या बाजूला, शेडच्या मागं लावायला लावतात. बागेत फिरतानाच्या काळ्या धुळीलाही हाच नियम: कोरडी झटकायची नाही.

दसऱ्याची गाडीपूजा हा आमच्या घरातला नाजूक विषय होता. आत्यांना बॉनेटवर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक हवा असायचा, त्यावर हळद, अक्षता, झेंडूचा हार आणि हाराची सुतळी वाऱ्यानं बॉनेटवर घासत राहायची. सांगली हळदीचं गाव, इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, तेव्हा हळद नको असं मी म्हणणार नाही. शिवाय हळदीचा पिवळेपणा उन्हात आपोआप फिका होतो, त्याची भीती नाही. भीती कुंकवाच्या रवाळपणाची आणि दुसऱ्या दिवशी ते कोरडं चोळून काढण्याची. मी आत्यांना म्हटलं, "आत्या, स्वस्तिक समोरच्या काचेवर काढूया का? रस्त्याकडे तोंड करून राहील." त्या जरा विचार करून म्हणाल्या, "काच काय नि बॉनेट काय, गाडीच ती. काढ." काचेला कुंकवानं काही होत नाही. हार आता आरशांना बांधतो, सुटा ठेवत नाही.

आता क्लेबद्दल. गाडी स्वच्छ धुतली, वाळली, आणि पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवला तर काय लागतं ते बघा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. हे रंगात रुतून बसलेले कण: ब्रेकची धूळ, डांबर, झाडाचा चीक, कारखान्याची राख. शाम्पूनं हे निघत नाहीत. त्यासाठी क्ले. ही कल्पना जपानची, ताडाओ कोदाते यांनी १९९०च्या दशकात तिचं अमेरिकेत पेटंट घेतलं. मऊ, चिवट गोळा, त्यात अगदी बारीक अपघर्षक मिसळलेला.

पण क्लेच्या आधी दोन कामं. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरनं वेगळे काढायचे. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामातून गाडी नेली असेल तर दाराच्या खालच्या कडेला ते असणारच. आणि लोखंडाच्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर. मिरज स्टेशनला गाडी लावून आम्ही बरेचदा पुण्याला जातो. रुळांजवळ चाकांची आणि ब्रेकची लोखंडी धूळ उडते, ती पत्र्यावर बसते आणि तिथेच गंजते. पांढऱ्या गाडीवर ती बारीक तांबूस ठिपक्यांसारखी दिसते. आयर्न रिमूव्हर फवारलं की लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ येतात. त्यातलं रसायन थायोग्लायकोलेट गटातलं, केस काढायच्या क्रीममध्ये असतं त्याच कुळातलं, आणि वासही अगदी तोच. वाळू द्यायचं नाही, दोन-तीन मिनिटांत धुवायचं. मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून.

मग क्ले. शंभर ग्रॅमची वडी असेल तर अर्धीच घ्या, उरलेली डबीत. थंडीत ती कोमट पाण्यात ठेवून मळली की मऊ होते. हाताच्या बोटांएवढी चपटी करायची. दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्यायचा, त्यावर क्ले लुब्रिकंट, म्हणजे क्ले घसरावी म्हणून मारायचा निसरडा द्रव, भरपूर फवारायचं आणि क्ले सरळ रेषेत फिरवायची, गोल नाही. दाब जवळजवळ नाहीच. सुरुवातीला ती अडकत अडकत सरकते, खरखर ऐकू येते, आणि मग अचानक आवाज बंद होतो, हात सुळकन जायला लागतो. हे कळायला शिकवावं लागत नाही. क्ले उलटून बघितली की तिच्यावर तपकिरी काळा पट्टा दिसतो. घडी घालून नवीन बाजू वर काढायची. क्ले जमिनीवर पडली तर कितीही नवी असली तरी टाकून द्यायची, तिच्यात रुतलेला खडा निघत नाही.

क्ले वर्षातून एकदा पुरे, आमच्याकडे हंगाम संपल्यावर. दर महिन्याला करणारे लोक मी पाहिले आहेत. क्लेसुद्धा बारीक पुसट खुणा सोडते, गडद रंगावर त्या दिसतात. खरखर लागत नसेल तर तिला हात लावायचा नाही.

पॉलिशबद्दल मी सगळ्यात सावध आहे. पॉलिश म्हणजे वर काही चढवणं असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट आहे. पॉलिश क्लियरकोट घासून काढतं. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खाली आणतं, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. आणि क्लियरकोट परत उगवत नाही. गॅरेजमध्ये दर वर्षी "रबिंग करून घ्या" म्हणतात तेव्हा हे मनात असू द्या. जोरात फिरणारं रोटरी मशीन नवख्या हातात पत्र्याच्या कडेवर गेलं तर रंग जळून खालचा प्रायमर दिसतो. कडांवर रंग मुळातच पातळ असतो.

मी डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशर वापरते, ज्याचं पॅड फिरतं आणि डुलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. आधी प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि पॅनलच्या कडा मास्किंग टेपनं झाकून घेते. मग बॉनेटच्या एका कोपऱ्यात चाचणी: सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश. त्यानं काम झालं तर कंपाउंडची, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशची, बाटली उघडायचीच नाही. पॅडवर तीन-चार थेंब, मशीन आधी पत्र्याला टेकवायचं मग चालू करायचं, नाहीतर भिंतीवर शिंतोडे. दीड-दोन फुटांचा चौकोन, आडव्या आणि उभ्या फेऱ्या, हळू. पुसून मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघायचं. जुन्या गाडीवर पॅडला गाडीचाच रंग लागला तर वर क्लियरकोट नाही असं समजा, आणि तिथे दुप्पट सावध राहा.

सगळी जाळी काढायचा हट्ट मी धरत नाही. सत्तर टक्के गेली तरी उन्हात निळा रंग असा खोल दिसतो की मला गाडीभोवती उगाच एक फेरी मारावीशी वाटते.

शेवटी वॅक्स. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचा असतो. चमक सुंदर, पण आमच्या उन्हात आणि पावसात त्याचा परिणाम आठवड्यांतच ओसरतो. म्हणून मी पावसाळ्याआधी सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सच्या जागी लावायचा कृत्रिम लेप, लावते, ते जास्त टिकतं. अगदी पातळ थर, वाळला की पुसायचा. जाड थर लावून फायदा काहीच नाही, पुसताना मात्र दमछाक होते. टिकलं आहे का हे पाण्याचे थेंब सांगतात. ते गोल गोळा होऊन घरंगळत असतील तर आहे, पसरून बसत असतील तर पुन्हा लावायची वेळ झाली.

डाव्या मागच्या दाराला एक ओरखडा आहे, बाजारात कुणाची तरी सायकल घासली त्याचा. त्याच्यावरून नख फिरवलं की नख अडकतं. नख अडकतं म्हणजे तो पॉलिशनं जाण्यापेक्षा खोल आहे, आणि घालवायला गेलं तर सगळा क्लियरकोट जाईल. तो मी तसाच ठेवला आहे. गाडीच्या पट्टीवरचा रंगाचा कोड उतरवून टचअप पेन मागवलाय, पत्रा गंजू नये एवढ्यापुरता.