विगानमध्ये दोन दिवस, नववीतल्या मुलीसोबत

माझी धाकटी बहीण अबू धाबीला नर्स आहे. तिच्या वॉर्डातली एक सहकारी मूळची फिलिपाइन्सच्या इलोकोस सुर प्रांतातली, विगान गावची. "जाताय तर माझ्या लेकीला भेटाच," असं तिनं सांगितलं. म्हणून जानेवारीत मी आणि हे मनिलाहून रात्रीच्या बसने उत्तरेकडे निघालो. नऊ तास लागले. एसी फार कडक असतो, शाल हाताशी ठेवा, डिकीतल्या सामानात नको.

उतरलो तो सोमवार. सकाळी एका शाळेच्या फाटकाबाहेर थबकलो. आत झेंडावंदन चाललं होतं, पोरं रांगेत उभी, उजवा हात छातीवर, 'लुपांग हिनिरांग' म्हणत. तिथे दर सोमवारी शाळा अशीच सुरू होते. तीस वर्षं मराठी शिकवलेली मी, राष्ट्रगीत संपेपर्यंत मला तिथून हलवेना.

सकाळी लवकर काल्ये क्रिसोलोगो पाहून घ्या. दुकानं उघडली की गर्दी होते. या फरसबंद रस्त्यावर मोटारी येत नाहीत, फक्त कालेसा, म्हणजे घोडागाड्या. दोन्ही बाजूंना जुन्या व्यापाऱ्यांची घरं: खाली दगडविटांची भिंत, वर लाकडी मजला आणि सरकत्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन. गोव्यातल्या जुन्या घरांत अशाच खिडक्या पाहिल्या होत्या, त्यामुळे परक्या गावी आल्यासारखं वाटलंच नाही. 1999 पासून हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कालेसात बसण्याआधी तासाचा दर ठरवून घ्या, आणि सुटे पेसो जवळ ठेवा.

शाळा सुटल्यावर मुलगी गणवेशातच आली. आल्या आल्या माझा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. मोठ्यांना मान द्यायची ही त्यांची रीत, मानो. मला ती 'तीता' म्हणू लागली, म्हणजे मावशी.

तिला शाळेत प्रकल्प होता: घरातल्या एका जुन्या वस्तूची माहिती आजीला विचारून लिहायची. तिने निवडलं बुर्नाय, म्हणजे मातीचा रांजण. शब्द ऐकताच मला आपली बरणी आठवली. दोन शब्दांचं नातं आहे असं माझं म्हणणं नाही, पण वस्तू ओळखीची वाटली. ती आम्हाला कारखान्यात घेऊन गेली. तिथे माती रेड्याकडून तुडवून घेतात, मग कुंभार चाकावर जाड, जड रांजण चढवतो. उसाचा शिरका, मासळीचं खारवलेलं बागोओंग आणि बासी नावाची उसाची दारू त्यातच मुरते. आजीचं म्हणणं तिने वहीत लिहून घेतलं होतं: प्लास्टिकच्या डब्यात शिरका ठेवला तर चव बसत नाही.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय संग्रहालय पाहिलं. सोमवारी ते बंद असतं, म्हणून बेत त्याप्रमाणे आखा. प्रवेश फुकट आहे. 1807 मध्ये स्पॅनिश सरकारने बासी घरी गाळायला बंदी केली, तेव्हा इलोकोसच्या लोकांनी बंड केलं. एस्तेबान व्हियानुएवा यांनी 1821 मध्ये त्यावर काढलेली 14 चित्रं इथे आहेत. एरवी आम्ही ती पटकन पाहून पुढे गेलो असतो, पण आदल्या दिवशी बुर्नायला हात लावलेला होता, त्यामुळे चित्रांपाशी रेंगाळलो. जवळच होसे बुर्गोस या पाद्रींचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंचं, घर आहे. त्यांचा जन्म 1837 चा, आणि 1872 मध्ये त्यांना देहदंड झाला. फिलिपाइन्सचे राष्ट्रनायक, लेखक होसे रिझाल यांनी आपली दुसरी कादंबरी त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना अर्पण केली. रिझालचं लेखन शाळा-कॉलेजांत शिकवण्याचा कायदा 1956 चा आहे, म्हणून नववीतल्या मुलीला हे सगळं ठाऊक होतं.

तिची एक गोष्ट मला लागली. ती पहिली ते तिसरी इलोकानोत, म्हणजे आपल्या मातृभाषेत शिकली. 2024 च्या कायद्याने मातृभाषेतून शिकवण्याची सक्ती उठली, आता पहिलीतला तिचा भाऊ फिलिपिनो आणि इंग्रजीतून शिकतो. "तीता, त्याला रांजणाच्या भागांची इलोकानो नावं येत नाहीत," ती म्हणाली. मला वाटतं, भाषा जपण्यापेक्षा ही घरं जपणं सोपं आहे.

खाण्याचं सांगते. शाकाहारी असाल तर पिनाकबेत ही भाजी मागवताना 'बागोओंग नको' असं बजावून सांगा. एम्पानादा, म्हणजे सारण भरून तळलेली करंजी, लोंगानिसाशिवाय (हे मांसाचं सॉसेज), नुसती कच्ची पपई आणि अंडं घालून मिळते. अंडंही चालत नसेल तर तेही आधीच सांगा. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, जुलै ते ऑक्टोबर वादळांचे दिवस. भारतीयांना जून 2025 पासून 14 दिवस व्हिसा लागत नाही, पण निघण्यापूर्वी ई-ट्रॅव्हल ही प्रवाशांची ऑनलाइन नोंदणी करायला विसरू नका. इंग्रजीत सगळीकडे भागतं, तरी 'अग्यामानाक', म्हणजे आभारी आहे, एवढं पाठ करा. चेहरे लगेच खुलतात.

निघताना आजीने शिरक्याची बाटली दिली. केबिन बॅगेत नेऊ देत नाहीत, म्हणून साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातली. बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर मुलीने तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'सुका', शिरक्यासाठी त्यांचा शब्द. खाली मी देवनागरीत 'शिरका' लिहिलं.