भडंगाखालच्या तीन कादंबऱ्या

सांगलीहून निघताना बॅगेवरून भांडण ठरलेलं. एका बाजूला आईचा भडंग, हळद, बेदाणे. दुसऱ्या बाजूला बाबांची पुस्तकं. या खेपेला काटा २३ किलोच्या पुढं सरकला तेव्हा मी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढून ठेवला. (आईला अजून माहीत नाही.)

बाबांनी दिलेल्या कादंबऱ्या तीन: 'ययाति', 'फकिरा' आणि 'बनगरवाडी'. निवड अगदी त्यांच्या स्वभावाला धरून, तिघेही लेखक आपल्या जिल्ह्यातले. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, व्यंकटेश माडगूळकर आटपाडीकडच्या माडगुळ्याचे. इथं जर्मनीत, स्टुटगार्टला डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येतं, त्यामुळं तिन्ही वाचून झाल्या.

आधी 'ययाति' घेतली, कारण कॉलेजात असताना तिच्यातली पानंच्या पानं मी वहीत उतरवली होती. या वेळी दमले. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापली बाजू सांगतात ते अजूनही आवडलं. शर्मिष्ठेचा भाग तर परत वाचला. पण बोलणारं कुणीही असो, दोन वाक्यं झाली की तिसरं फळ्यावर सुविचार म्हणून लिहावं असं. खांडेकरांनी शिरोड्याच्या शाळेत इतकी वर्षं शिकवलं, त्याचा परिणाम असावा. फोनवर हे म्हटलं तर बाबा तापलेच. "मराठीला पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांमुळं मिळालं. आणि ती वही विसरलीस व्हय?" विसरले नाही. पण आता तशी वही काढावीशी वाटली नाही, हेही खरं.

'फकिरा'सुद्धा १९५९ चीच, 'ययाति'च्याच वर्षाची. खरं वाटत नाही. इथं थांबून चिंतन करायला कुणाला सवडच नाही. जत्रेचा मान देणारी जोगीण आणायला फकिराचा बाप राणोजी शिगावला जातो तो भाग गाडीत वाचत होते, दोन स्टेशनं पुढं गेले. तक्रार एकच, फकिराचं कधी काही चुकतच नाही. एखादा घोळ घातला असता तर बरं झालं असतं.

'बनगरवाडी'ची आमची प्रत २०१९ च्या पुरातली. गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा ती खालच्या फळीवर होती. बाबांनी पंख्याखाली बसून, पावडर भुरभुरवत, एकेक पान सुटं केलं. अजून कडेला गाळाची काळपट रेघ आहे आणि पान उलटताना बोटाला कचकच लागते.

औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरणा मास्तर येतो. शाळेत पोरं नाहीत, सगळी मेंढरांमागं. कारभारी त्याला हाताशी धरतो म्हणून त्याचा निभाव लागतो. मला इथं पहिल्या महिन्यात कारभारी भेटला तो खालच्या मजल्यावरच्या आजींच्या रूपात. कचऱ्याचे चार डबे त्यांनी दोनदा समजावले, तिसऱ्यांदा स्वतःच माझी पिशवी उपसली.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं विचारलं, "पुढं काय होतं?" म्हटलं, दुष्काळ पडतो, वाडी उठते, मास्तरही निघतो. "एवढंच?" एवढंच. पण शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः जू घेते, तिथं माडगूळकर एक शब्द जास्तीचा खर्च करत नाहीत. खांडेकरांनी तिथं नियतीवर अर्धं पान लिहिलं असतं आणि मी पुस्तक मिटलं असतं. तिघांत मला हीच थोर वाटते. बाबांना सांगितलं, ते "बरं" म्हणाले. हा त्यांचा "बरं" म्हणजे नापसंती.

शेवटाकडची दोन पानं मात्र अशी चिकटलीत की सोडवायला गेलं तर फाटतील. बाबांनी वाचनालयातून दुसरी प्रत आणली आणि रविवारी फोनवर वाचून दाखवायला बसले. दोन पानं संपली तरी थांबेनात. पुढचं माझ्याकडं धड होतं, मी बोलले नाही.

मागून आईचा आवाज आला, "अहो, कुणाशी बोलताय एवढं?"

"बोलत नाही, वाचतोय."