रोजनिशी: कुरितीबातील धावपळीचा शनिवार

शनिवार, जुलै. कुरितीबा, ब्राझील. रात्रीचे साडेदहा.

भारतात आता रविवारची सकाळ उजाडली असून सात वाजले असतील, त्यामुळे खालच्या मजल्यावर विद्यार्थ्यांचे घरी फोन चालू आहेत आणि मला शांतपणे लिहायला वेळ मिळाला आहे. आज वास्तुरचनेच्या तिसऱ्या वर्षाची सोळा मुले-मुली, सहकारी मॅडम आणि मी अशा अठरा जणांनी या शहरातली पाच ठिकाणे पाहिली. यादीत सात होती. यादी मीच पुण्यात बसून केली होती आणि प्रत्येक ठिकाणासमोर मिनिटे लिहिली होती, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

सकाळी सहाला उठलो तेव्हा बाहेर अंधार आणि कडाक्याची थंडी होती. ब्राझील म्हटले की उघडे समुद्रकिनारे डोळ्यांसमोर येतात, परंतु हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९३० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे आणि दक्षिण गोलार्धात जुलै हा ऐन हिवाळा असतो. घरून निघताना आईने सक्तीने पिशवीत कोंबलेल्या स्वेटरचे महत्त्व आज प्रत्येकाला कळले.

आम्ही मुद्दाम कुरितीबाला आलो ते इथल्या बससाठी. पुण्यात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा, सुरू झाली, तेव्हा हे विद्यार्थी दोन-तीन वर्षांचे होते. त्यांच्या लेखी बीआरटी म्हणजे रस्त्याच्या मध्यभागी असलेली आणि दुचाकीस्वारांना शॉर्टकट म्हणून उपयोगी पडणारी एक मार्गिका. त्या कल्पनेचे मूळ या शहरात आहे. इथे १९७४ साली बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग सुरू झाले. मधल्या रस्त्यावर फक्त बससाठी राखलेली मार्गिका, तिच्या दोन्ही कडांना सावकाश जाणारी स्थानिक वाहने, आणि एकेक गल्ली सोडून दोन्ही बाजूंना वेगवान एकेरी रस्ते, अशी ही रचना आहे. उंच इमारतींना परवानगी प्रामुख्याने याच पट्ट्यात दिली गेल्यामुळे बसमार्ग कुठून जातो हे दुरूनही इमारतींच्या रांगेवरून ओळखता येते. वर्गात हे मी फळ्यावर किमान दहा वेळा काढले असेल. आज रस्त्याच्या कडेला उभे राहून वर पाहिल्यावर मुलांना ते एका क्षणात समजले.

काचेच्या नळीसारखे थांबे मात्र फळ्यावर समजावता येत नाहीत. १९९१ पासून बसवलेले हे थांबे म्हणजे रस्त्यावर आडवी ठेवलेली, पोलादी कड्यांनी बांधलेली पारदर्शक नळी. एका टोकाला काही पायऱ्या, फिरते फाटक आणि त्याशेजारी आपल्या छोट्या खुर्चीवर बसलेला वाहक असतो. भाडे तिथेच द्यायचे, त्यामुळे गाडीत तिकिटाचा प्रश्नच उरत नाही. नळीची जमीन गाडीच्या जमिनीइतक्या उंचीवर असते. गाडी येऊन थांबली की दारे उघडता उघडता प्रत्येक दाराखालून एक लोखंडी फळी धाडकन आडवी पडते आणि गाडी व फलाट यांच्यातली फट झाकली जाते. लोक आपल्या घरच्या उंबऱ्यावरून यावे तसे सरळ चालत आत येतात. वयस्कर बाई असो, बाबागाडी असो वा चाकाची खुर्ची, कोणालाच पाय उचलावा लागत नाही. फळी वर उचलली जाते, दारे मिटतात आणि गाडी निघते. एका मुलाने हातातल्या घड्याळावर मोजले तर वीसएक सेकंदांत सगळे आटोपले होते.

त्या वीस सेकंदांनीच आमचा घात केला. लाल रंगाची, दोन सांधे असलेली, पंचवीस मीटरहून लांब गाडी आली. तिला पाच दारे होती. आम्ही आपल्या सवयीप्रमाणे एकाच दाराशी गर्दी केली, मॅडम आधी चढल्या, मुले चढली, मी चढलो आणि आमच्या मागे दारे बंद झाली. काचेपलीकडे कोल्हापूरचा एक मुलगा आणि वाईची एक मुलगी उभी होती. मुलीच्या चेहऱ्यावर भीती होती आणि मुलगा, शोभेल तसा, हसत हात हलवत होता. मी पुढच्या थांब्यावर उतरून उभा राहिलो, बाकीच्यांना मॅडमनी पुढे नेले. दोघे आले ते मागच्या लगेचच्या गाडीने नव्हे, तर तिच्यानंतरच्या गाडीने. एक गाडी का सोडली असे मी जरा रागानेच विचारले, तेव्हा "सर, ती फळी नीट बघायची राहिली होती," असे उत्तर मिळाले. मी गप्प बसलो.

यानंतर गाडीत जागा मिळाली. थांब्याची सूचना देणारा बाईचा आवाज दर वेळी उतरणाऱ्यांनी दोन आणि चार क्रमांकाच्या दारांनी उतरावे असे बजावतो, आणि लोक खरोखरच तसे वागतात. याच गाडीत सावंतवाडीच्या मुलीने आपत्कालीन खिडकीवरची पाटी वाचली: "जनेला". तिची आजी खिडकीला अजून जनेलच म्हणते. पुढची दहा मिनिटे पाव, चावी, बादली अशी पोर्तुगीज आपल्याकडे ठेवून गेलेल्या शब्दांची गोळाबेरीज चालली होती.

वनस्पती उद्यान १९९१ सालचे. तीन घुमटांचे काचघर लंडनच्या जुन्या क्रिस्टल पॅलेसची आठवण ठेवून बांधलेले आहे. समोरच्या आखीवरेखीव फुलझाडांच्या वाफ्यांवर दहिवर होते आणि कोवळे ऊन काचेवर पडल्यावर पांढऱ्या पोलादी कमानींच्या सावल्या आतल्या झाडांवर जाळीसारख्या पसरल्या होत्या. इथे एका विद्यार्थ्याने रेखाटनात उत्तर दिशेचा बाण काढला आणि मग सावल्या चुकीच्या बाजूला पडत असल्याची तक्रार केली. चूक त्याची नव्हती. या अक्षांशावर दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. आपण ज्याला दक्षिणेचे ऊन म्हणतो ते इथे उत्तरेचे आहे. इथल्या घरांच्या जाहिरातींत उत्तराभिमुख खोली ही मिरवण्याची गोष्ट असते. दिवसभर मुले इमारतींकडे बघून वाळत घातलेल्या कपड्यांवरून उत्तर शोधत होती, आणि मला वाटते या सहलीतला हा त्यांचा सर्वांत टिकाऊ धडा ठरेल. यादीत या उद्यानासाठी पाऊण तास लिहिला होता. लागला दीड तास.

तिथून आम्ही शहराच्या मध्यभागी रुआ किंझे या रस्त्यावर गेलो. १९७२ साली, जाइमे लर्नर महापौर असताना, इथली वाहने बंद करून रस्ता पायी चालणाऱ्यांना दिला गेला. लर्नर स्वतः वास्तुरचनाकार होते आणि तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते. व्यापाऱ्यांचा विरोध असल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी, कोर्टकचेऱ्या बंद झाल्यावर, काम सुरू करण्यात आले आणि सोमवारपर्यंत फरसबंदी, दिवे आणि फुलांच्या कुंड्या जागेवर होत्या. पुढे मोटारचालकांनी मोर्चा काढून रस्ता परत घेण्याचा बेत केला, तेव्हा लांबच लांब कागद अंथरून त्यावर शेकडो मुलांना चित्रे काढायला बसवण्यात आले. ही हकीकत लर्नर मोठ्या आवडीने सांगत असत. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर असे काही करता येईल का, यावर आमच्यात लगेच दोन तट पडले. माझे मत विचारण्यात आले तेव्हा मी घड्याळ दाखवले, कारण आमचा तो रस्ता मी ऐन दिवाळीच्या आठवड्यात पाहिलेला आहे.

या रस्त्याची फरसबंदी काळ्यापांढऱ्या लहान दगडी तुकड्यांची असून तिच्यात पिन्याँवची नक्षी आहे. पिन्याँव म्हणजे या प्रदेशातल्या अराउकारिया वृक्षाचे बी. छत्री उलटी उघडावी तसा दिसणारा हा वृक्ष पाराना राज्याची खूण मानला जातो. एका मुलीने फरशीवर कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी घासून नक्षीचा ठसा घेतला. तिच्या गुडघ्याला दगडांचा गारठा लागत होता, लोक वळसा घालून जात होते, आणि एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ थांबून ठसा पूर्ण होईपर्यंत बघत राहिले. नंतर आम्ही तेच बी मिठाच्या पाण्यात उकडलेले विकत घेऊन खाल्ले. चव उकडलेल्या फणसाच्या आठळीच्या इतकी जवळची आहे की कोकणातल्या दोघांनी दुसरा पुडा घेतला.

दुपारचे जेवण उभ्याउभ्या झाले. पास्तेल म्हणजे पापडासारख्या पातळ पारीची, हातभर रुंद, तळलेली चौकोनी करंजी. शाकाहारी मंडळींना चीज किंवा पालमितो, म्हणजे ताडवर्गीय झाडाचा कोवळा गाभा, भरलेली मिळाली. सोबत उसाचा रस, लिंबू पिळलेला. चरकाचा घुंगरू नव्हता एवढीच उणीव.

दुपारनंतर दुमजली पर्यटक बसने वस्तुसंग्रहालय गाठले. ब्राझीलचे ख्यातनाम वास्तुरचनाकार ऑस्कर निमायर यांनी त्याची मूळ लांब, बसकी इमारत १९६७ साली आखली होती आणि २००२ साली, वयाच्या चौऱ्याण्णव-पंच्याण्णवाव्या वर्षी, तिच्यासमोर पिवळ्या खांबावर तोललेला प्रचंड काळा डोळा, म्हणजे डोळ्याच्या आकाराची नवी इमारत, उभा केला. मला स्वतःला डोळा आवडला नाही. जुनी इमारत पाहण्यासारखी आहे आणि डोळ्यामुळे तिच्याकडे कोणी पाहत नाही, असे मी म्हणालो. मुलांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि डोळ्याचे फोटो काढले.

ओपेरा दे आरामे हे पोलादी नळ्यांचे आणि काचेचे नाट्यगृह १९९२ साली दगडाच्या जुन्या खाणीत, तळ्याच्या मधोमध, अडीच महिन्यांत उभे करण्यात आले. तिथे जाण्याचा पूल लोखंडी जाळीचा आहे आणि पायांखाली हिरवे पाणी दिसते. एक उंचपुरा विद्यार्थी कठडा धरून, डोळे समोर ठेवून, एका शब्दाचीही थट्टा सहन न करता चालत गेला. तो पुढे मोठ्या इमारतींची कामे करणार आहे असे नेहमी सांगत असतो.

बारिग्वी उद्यानात पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. हे तळे शोभेसाठी खोदलेले नाही. पावसाळ्यात नदीचे वाढलेले पाणी सामावून घेण्यासाठी इथे नदीकाठ मोकळा ठेवून त्याचे उद्यान केले आहे. मुठेच्या पात्रात भर टाकून केलेले रस्ते पाहत वाढलेल्या मुलांना याहून जास्त काही सांगावे लागले नाही. गवतावर कॅपिबारा, म्हणजे उंदराच्या जातकुळीतले डुकराएवढे तपकिरी प्राणी, कळपाने बसले होते. आमच्यापैकी कोणालाच उठवेना. यादीतला मनोरा आणि जुन्या वस्तीची फेरी राहिली ती इथेच.

परतताना नळीतल्या थांब्यावर कोणीही काही न सांगता मुले तीन दारांसमोर विभागून उभी राहिली. अठराही जण आत आले.

मघाशी वाईच्या मुलीने तिची वही आणून दिली. सकाळी मागे राहिल्यावर तिने आणि त्या मुलाने मिळून लोखंडी फळी तीन स्थितींत काढली आहे: उभी, अर्ध्यावर, पडलेली. बिजागरी कुठे आहे, रबराची कड कुठे झिजली आहे, पाय आधी कुठे पडतो, सगळे आहे. आज जमा झालेल्या रेखाटनांत याच्या जवळपास जाणारे दुसरे एकही नाही.

उद्याच्या यादीत सहा ठिकाणे होती. त्यांतली तीन मी पेन्सिलने खोडली आहेत. मॅडमना सकाळी सांगावे लागेल. त्यांतले एक त्यांनी सुचवलेले होते.