गाइड सरळ, पातं तिरकं

झिलमिलीच्या, म्हणजे मिटणाऱ्या-उघडणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या, खिडकीचं काम अंगावर घेतलं की सुतारशाळेतलं एकेक मशीन आपली खरी जात दाखवतं. दारं, पलंग, देव्हारे यांत थोडंफार लपतं. रंधा मारता येतो, फटीत लांबी (पुटी) भरता येते, अगदीच झालं तर पॉलिशवाला सांभाळून घेतो. झिलमिलीत तसं चालत नाही. एका झडपेत एकाखाली एक पट्ट्या, प्रत्येक दीड इंच रुंद आणि तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड, सगळ्या एकाच उभ्या दांडीला अडकवलेल्या. एखादी पट्टी अर्धा सूत जास्त रुंद निघाली की ती खालचीवर चढून बसते आणि अख्खी झडप मिटत नाही.

वेंगुर्ल्यातल्या एका जुन्या घराचं काम होतं. मालक मुंबईचे. घराच्या पडवीचा भाग काढला होता, त्यातलेच सागाचे वासे फाडून पट्ट्या काढायच्या, अशी त्यांची अट. अट चांगलीच होती. असा सुकलेला साग आता डेपोत मिळत नाही. फक्त वाशात खिळे असतात, तेही आतून मोडलेले. आधी लोहचुंबक फिरवायचा, मग बोट, आणि तरी एखादा राहतोच. टीसीटी, म्हणजे कार्बाइडच्या दातांच्या, पात्याचा एक दात गेला की पातं धार लावायला पाठवून आम्ही हात बांधून बसतो.

आमचं लाकूड फाडायचं कटर मशीन बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आहे. वर बिडाचं टेबल, खाली दोन पेडेस्टल बेअरिंगांत शाफ्ट, त्यावर बारा इंची पातं, बाजूला तीन एचपीची मोटर आणि पट्टा. पातं जागच्या जागी राहतं, टेबल खाली-वर होतं. कोकणात निम्म्याहून जास्त सुतारशाळांत असलंच मशीन दिसेल. मजबुतीला तोड नाही. त्याची गाइड, म्हणजे फळी जिला टेकवून पात्याकडे सरकवायची ती सरळ आडपट्टी, मात्र शरम आणणारी. एक बिडाचा तुकडा, पुढे एक बोल्ट. बोल्ट आवळला की गाइडची शेपटी, म्हणजे मागचं टोक, पात्याकडे सरकते, म्हणजे फळी पुढून मोकळी आत जाते आणि मागे पात्याच्या वर येणाऱ्या दातांवर दाबली जाते. बारा इंची पातं मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर दाताचा वेग ताशी एकशेसत्तर किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वेगाने उलट आलेली पट्टी आमच्या मागच्या पत्र्यातून आरपार गेलेली आहे. ते भोक बुजवू नका, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

यावर मेस्त्रींचा उपाय म्हणजे मोगरी, लाकडी हातोडा. आमचे मेस्त्री वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. गाइड लावायची, टेप पात्याच्या पुढच्या दाताला धरायचा, मग मागच्या दाताला, बोल्ट आवळायचा, शेपटीवर मोगरीचा एक ठोका, पुन्हा टेप. मग मशीन चालू करून एक टाकाऊ तुकडा घालायचा आणि मान वाकडी करून ऐकायचं. पुन्हा एक ठोका. मग काम. दर वेळी माप बदललं की हे सगळं पहिल्यापासून. मोठ्या कामात यातच अर्धी सकाळ जायची, आणि मेस्त्री नसतील त्या दिवशी फाडकाम बंद.

म्हणून मी बाहेरून गाइड मागवली. अमेरिकेत बीझमायर या नावाने ओळखली जाते त्या टी-स्क्वेअर पद्धतीची. तिची खुबी अशी की ती फक्त पुढे पकडते. टेबलाच्या पुढच्या कडेला चौकोनी नळीचा रूळ, त्यावर टी आकाराचं डोकं, आत कॅमचा लीवर. लीवर दाबला की डोकं रुळाला घट्ट बसतं आणि लांब हात आपोआप काटकोनात राहतो. शेपटी मागच्या पट्टीवर नुसती टेकते, आवळायची नसते. त्यामुळे ओढाताणच नाही. रुळावर मापपट्टी चिकटवलेली, वर काचेत केसाएवढी लाल रेघ.

सहा फुटी खोका आमच्या दारापर्यंत आणायला कुरियरवाल्याने साफ नकार दिला. गाडीत बसत नाही म्हणाला. हायवेवरून तो मी टेम्पोने आणला. "घरपोच" हा शब्द तळकोकणात कुठपर्यंत पोचतो यावर मी वेगळं लिहू शकेन.

खोका उघडल्यावर मेस्त्रींनी रुळाला हात लावून पाहिला.

"ह्या काय हाडलंस रे? रेल्वे चालवतलंस?"

बसवण्याचं काम हौसेने मी स्वतः केलं, आणि बाहेरच्यांना कल्पना येणार नाही असा सगळा त्रास त्यातच होता. गाइड परदेशी मशीनसाठी बनलेली, तिच्या भोकांची अंतरं आमच्या टेबलाशी जुळायचा प्रश्नच नव्हता. आमच्या टेबलाला पुढून भोकं नव्हतीच. त्याहून वाईट म्हणजे पुढची कड मशीन मारून सरळ केलेलीच नव्हती. वरचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत, पण कड ओतीव तशीच, त्यावर लांबी आणि त्यावर हिरवा रंग. पटाशीने रंग खरवडला तशी लांबी खपल्यांनी पडली आणि खाली बिडाचे उंचवटे दिसायला लागले. सरळपट्टी लावून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) घातला तर मध्यावर मिलिमीटरभर फट. तशीच नळी आवळली असती तर ती टेबलाच्या वाकड्या कडेशी सूर जुळवत स्वतः वाकली असती, आणि वाकड्या रुळावर डोकं प्रत्येक मापाला वेगळ्या कोनात बसतं. मग एवढे पैसे घातले कशाला?

कानशीने जेवढं निघेल तेवढं काढलं, उरलेल्या फटीत पितळेच्या पत्र्याचे तुकडे घातले. भोकं पाडायला सहा पॉइंट आठचं ड्रिल, मग आटे पाडायला आठ एमएमचा टॅप. बिडात भोक पाडताना तेल घालायचं नसतं. बीड कोरडंच कापलं जातं, कीस निघत नाही, काळी पूड निघते. ती घामात मिसळली की हात दोन दिवस काळे. टेबलात पात्याशेजारी पुढून मागे जाणारी एक खाच असते, आडवं कापताना तिच्यातून सरकपट्टी चालते. रुळाच्या अँगलला त्या खाचेसमोर गाळा पाडावा लागला, नाहीतर खाचेतली सरकपट्टी पुढून आत जाईना. मागची पट्टी पाणसळीने नाही, गाइडच्या टोकाखाली कागद घालून लावली. कागद सगळीकडे सारखाच घासत सरकला पाहिजे.

मग डायल, सुईवर बारीक फरक दाखवणारं मापयंत्र. चुंबकी स्टँड खाचेतल्या पट्टीवर बसवला, सुई गाइडला टेकवली आणि पुढून मागे सरकवत नेली. डोक्यातल्या दोन ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याच्या बारीक स्क्रूंनी) गाइडचा हात फिरवता येतो. पाव फेरी इकडे, अर्धी तिकडे, शेवटी गाइडच्या अख्ख्या लांबीत सुई पाच घरं हलली. पाच घरं म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. लीवर सोडून पुन्हा दाबला, पुन्हा तेवढंच. खरं सांगतो, जेवायला जावंसं वाटेना.

पहिली फळी घातली. निम्म्यात आवाज बदलला, पात्याच्या मागच्या बाजूने जळका वास आला. पट्टी बाहेर काढली तर तिच्या एका कडेला काळे पट्टे.

मी डायल घेऊन पुन्हा गाइड तपासली. पाच घरं, बदल नाही. मेस्त्री पलीकडे चौकट जुळवत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"पाता रडता हा."

पातं म्हणजे दात बोथट झाला असेल असं मला वाटलं. धार बघितली, ठीक होती. मग डायलची सुई पात्याच्या अंगाला टेकवली. एका दाताला खडूची खूण केली, तो दात पुढे आणून माप घेतलं, तोच दात हाताने फिरवून मागे नेला आणि पुन्हा माप घेतलं. एकच दात दोन्हीकडे मोजायचा असतो, म्हणजे पात्याचा स्वतःचा डगमगाट मापात येत नाही. साठ घरं. मिलिमीटरच्या सहा दशांश, म्हणजे साधारण सुताचा पाचवा भाग, पातं मागच्या बाजूने गाइडकडे झुकलेलं. गाइड खाचेशी समांतर होती. पातंच खाचेशी समांतर नव्हतं, आणि तेही बहुधा मशीन आलं त्या दिवसापासून.

एकदम मागचं बरंच काही जुळलं. खाचेतून आडवं कापलेलं टोक आमच्याकडे नेहमी एका बाजूने खरबरीत यायचं, आणि पोरं मुकाट्याने त्यावर पॉलिशपेपर मारायची. आम्ही त्याला लाकडाचा दोष म्हणायचो. आणि मोगरीचे ते ठोके! मेस्त्री गाइड टेबलाशी जुळवतच नव्हते. ते ती पात्याशी जुळवत होते, कानाने. टेबल कुठे बघतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

हे मशीन बसवायला विकणाऱ्याचा माणूस आला होता. स्विच दाबून बघितला, पट्टा ताणला, सुरमईचं ताट संपवलं, सही घेतली आणि गेला. पातं खाचेशी बघायला दहा मिनिटं लागतात. मशीन विकणाऱ्यांत हे बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि घेणाऱ्यांत विचारणाराही क्वचित.

"मेस्त्रीनू, शाफ्ट तिरको हा म्हणान तुमका ठावक होता?"

"तां पयल्यापासनाच तसा हा."

"मगे सांगूक नाय तां?"

"तू गाइड हाडूक गेलंस. माका खंय इचारलंस?"

यावर मला काही बोलता आलं नाही. राग आला होता, पण तो नेमका कुणावर ते ठरवता येईना. वडिलांनी विचारलं असतं, असंही मनात आलं. तेही विचारते असं नाही. मशीन लाकूड कापतंय ना, मग झालं, हीच आमच्या घरातली पद्धत.

संध्याकाळी पट्टा उतरवून पेडेस्टलचे बोल्ट ढिले केले. मागचं बेअरिंग बोल्टाच्या भोकात जेवढं खेळेल तेवढंच सरकवायचं होतं. इथे मेस्त्री स्वतः उठून आले, मोगरी घेऊन. मी डायल धरली, त्यांनी ठोका मारला. सुई वीस घरं सरकली. आणखी एक, हलका. पंधरा. तिसऱ्याला जास्त गेलं, उलट बाजूने एक मारला. शेवटी आठ घरांवर येऊन थांबलो. बोल्ट आवळताना पुन्हा थोडं सरकतं, तेही त्यांनी आधीच धरलं होतं. मी आकडे सांगत होतो आणि ते आकड्यांकडे लक्ष न देता शाफ्ट हाताने फिरवून बघत होते. मग मोटरचा पट्टाही नव्याने ओळीत घ्यावा लागला, त्यात लाइट गेली, ती आल्यावर काम पुरं झालं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या निघाल्या त्या कडेला हात फिरवला तर रंधा मारल्यासारख्या. आमच्याकडे नवीन लागलेला पोरगा आहे, आयटीआय करून आलेला. तो लाल रेघ दीड इंचावर आणतो, लीवर दाबतो आणि पुढे ढकलकाठीने फळी सरकवत राहतो. त्याला टेप लागत नाही, मोगरी लागत नाही. कानही लागत नाही, आणि माझी पंचाईत तिथेच आहे. रेघ चुकली तर ती चुकली आहे हे त्याला कळणार कसं? पातं बदललं की जाडी बदलते, शून्य पुन्हा लावावं लागतं. हे मी त्याला सांगितलंय, भिंतीवर लिहूनही ठेवलंय. पण मेस्त्रींना ते भिंतीवर वाचावं लागलं नसतं. दुसरीकडे हेही खरं की मेस्त्रींच्या कानावर चालणारी सुतारशाळा मेस्त्री आजारी पडले की बंद, आणि त्यांच्या गुडघ्यांची तब्येत मला माहीत आहे. त्यांनी हे कान कुणाला शिकवले नाहीत. शिकवता येतात की नाही, तेही मी त्यांना अजून विचारलेलं नाही. आता विचारायचं तरी कसं, गाइड आणून झाल्यावर?

सध्या आमचा वाद वेगळ्याच गोष्टीवर अडलाय. मी गाइड मागच्या टोकाला पाच घरं मोकळी ठेवलीय. मेस्त्री म्हणतात पावसाळ्यात एवढ्याने भागणार नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जूननंतर लाकूड ओलावा घेतं, आणि फणसाची किंवा आंब्याची ओली फळी फाडताना मागे आपोआप मिटते, पातं धरते. तेव्हा शेपटी आणखी उघडी हवी. माझं म्हणणं, फळी मिटते त्याला गाइड काय करणार? त्याला पात्यामागे पाचर हवी, फाडलेल्या चिरेत उभी राहून दोन्ही भाग वेगळे ठेवणारी. परदेशी मशीनला ती येते, आमच्या मशीनला नाही. पात्याची चीर तीन पॉइंट दोनची आहे आणि पात्याचा पत्रा दोन पॉइंट दोनचा, म्हणजे पाचर त्यांच्या मधल्या जाडीची हवी. अडीच मिलिमीटरचा पत्रा घेऊन कुडाळच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे दिलाय. तो म्हणतो सोमवारी देतो. कुठला सोमवार ते त्याने सांगितलेलं नाही. तोवर ओलं लाकूड मेस्त्रीच फाडतील आणि शेपटी ते म्हणतील तेवढी उघडी राहील, एवढं ठरलंय. नव्या गाइडवर मोगरी मारायची नाही, ग्रब स्क्रू फिरवायचा, हे मात्र अजून ठरायचंय.