डॉक्टरांनी कारखान्याच्या कारभारात का पडावं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "डॉक्टर, तुम्ही औषध द्या, गरिबी, पुढारी, कारखाना हे विषय तुम्हाला कशाला हवेत?" सांगलीत हे मला ओपीडीतही ऐकवतात आणि कार्यक्रमातही. उत्तर क्षयावरूनच देते, कारण त्याचं सरकारी औषध फुकट आहे आणि तरी ते अर्ध्यावर सुटतं.

साखर कारखान्यासाठी उसाच्या फडात तोडणी करणारी एक जोडी घ्या, नवरा-बायको मिळून एक कोयता. बीडकडून किंवा आपल्याच जतमधून दिवाळीच्या सुमारास वाळवा-कराड पट्ट्यात आलेली. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती तोडलेल्या उसाच्या टनावर फेडायची. बाईचं वजन 38 किलो, खोकला तीन आठवड्यांचा. थुंकी तपासायला जायचं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, कापतो. निदान झालंच तर 35 ते 49 किलोच्या गटात रोज 3 गोळ्या: पहिले 2 महिने एका गोळीत चार औषधं, पुढचे 4 महिने तीन औषधं. पहाटे रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळतं. लघवी केशरी होते, ती औषधामुळे होते हे आधी सांगितलं नसेल तर बाई घाबरून गोळ्या ठेवून देते. महिन्याभरात ताप-खोकला जातो, अंगात जरा बळ येतं, आणि टोळी कारखान्याच्या दुसऱ्या गटात, म्हणजे दुसऱ्या भागातल्या उसाकडे, हलते. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीवर पेशंट नव्या केंद्राकडे वर्ग करता येतो. पण नोंदवलेला नंबर मुकादमाचा, आणि कोपी, म्हणजे त्यांची झोपडी, कुठल्या शिवारात पडली आहे हे नव्या केंद्राला कोण सांगणार? पोषणासाठीचे पैसे, जे नोव्हेंबर 2024 पासून महिना 500 चे 1000 झाले, ते जमा झालेच तर गावाकडच्या खात्यावर. गोळ्या संपतात. जंतू रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देईनासे झाले की उपचार अवघड होतो, खर्च वाढतो. पोरं तिच्याच कुशीत झोपतात, आणि त्यांच्या प्रतिबंधक औषधाची नोंद कुठेच नसते.

आता यात नुसतं औषध देऊन माझं काम संपलं असं कसं म्हणू?

टोळी आज कुठे आहे हे आरोग्य खात्याला माहीत नसतं, कारखान्याला असतं. तोडीचा प्रोग्राम कारखान्याच्या शेतकी खात्याकडे, तोडीची नोंद ठेवणारा त्याचा चिटबॉय फडावर, वजनकाट्यावर प्रत्येक खेपेची नोंद. दर आठवड्याला गट ऑफिसने टोळ्यांचा ठावठिकाणा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचा, एवढा एक हुकूम कारखान्याच्या अध्यक्षांनी सोडावा आणि तो पाळला जातो का हे सीझनभर स्वतः विचारावं. नेतृत्व म्हणून मी हेच मागते. "मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे," हे उत्तर मला मान्य नाही. त्यांनी तोडलेला ऊस गाळता तो तुम्हीच.

जगाच्या विकासाच्या गप्पाही इथेच येऊन अडतात. 1978 साली अल्मा-आटाला सन 2000 पर्यंत सर्वांना आरोग्य द्यायचं ठरलं. क्षय संपवायला जगाने 2030 ठरवलं, आपण 2025. ते वर्ष उलटलं. वर्षाच्या उत्पन्नाच्या 20 टक्क्यांवर खर्च गेला की ते कुटुंब उद्ध्वस्त, असं जागतिक आरोग्य संघटना धरते. उचल घेतलेल्या घराचं उत्पन्न कशातून काढायचं, सांगा.

पैसे थेट खात्यात गेले की पुरे, असं माझं मत होतं. ते मी सोडलेलं नाही, पण झारखंडचा अभ्यास वाचल्यापासून त्यावर स्वतःशीच भांडते. 2023 साली तो प्रसिद्ध झाला. पेशंटला महिना 10 किलो शिधा सगळीकडेच दिला, काही भागांत घरच्या माणसांनाही तांदूळ-डाळ दिली. त्या घरांतला नवा क्षय सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाला. मग कोपीवर पैसे द्यावेत की धान्य? रेशनकार्ड गावाकडे असलं तरी धान्य आता कुठेही उचलता येतं, पण दुकान उघडं असतं तेव्हा ही माणसं फडात असतात.

आणि एक अडचण मला खरोखर छळते. क्षय आहे हे कळलं तर मुकादम पुढच्या सीझनला त्या जोडीला उचल देणार नाही. म्हणून टोळ्यांची यादी कारखान्याकडून केंद्राकडे जावी, पेशंटचं नाव कधीही उलट जाऊ नये. तरीही आशाताई एकाच कोपीवर सारखी जायला लागली की टोळीला कळतंच. सगळ्याच कोप्या तपासाव्यात तर तेवढी माणसं केंद्राकडे नाहीत.